आठ भावंडं, एकच आडनाव: फळमाशीतल्या होक्स प्रथिनांना आपलं जनुक सापडतं कसं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सगळी होक्स प्रथिनं डीएनएवर एकाच जागी बसतात, तर मग पाय कुठे आणि पंख कुठे हे ठरतं कसं?’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा आला (होक्स म्हणजे शरीराच्या कुठल्या खंडात काय येणार हे ठरवणारी प्रथिनं), की शेवटी एकदाच बसून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. विचारणाऱ्यांत एमएस्सीचे विद्यार्थी आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत, आणि मुलीच्या प्रोजेक्टपायी यात अडकलेले एक-दोन पालकही आहेत. सोपे प्रश्न आधी, चकवणारे नंतर. ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ला पुस्तकात ‘प्रतिलेखन घटक’ म्हणतात. प्रयोगशाळेत हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून इथे नुसतं ‘फॅक्टर’.

१. फळमाशी म्हणजे आंब्यात अळ्या पाडते तीच ना?

नाही. आंबा-पेरू पोखरणारी, जिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात ती फळमाशी वेगळ्या कुळातली. आपण बोलतोय ती ड्रोसोफिला मेलानोगास्टर, म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं, लाल डोळ्यांचं, जेमतेम अडीच मिलिमीटरचं चिलट. तिला फळापेक्षा फळावर वाढणारं यीस्ट जास्त प्रिय.

प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, साखर किंवा गूळ, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवून बाटल्यांच्या तळाशी ओततात, की झाला तिचा संसार सुरू. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून नवी माशी बाहेर पडायला साधारण दहा दिवस लागतात. शंभरहून जास्त वर्षं जनुकशास्त्र हिच्यावर पोसलं गेलंय, त्यामागे हे दहा दिवसही आहेत.

२. फॅक्टर आणि एन्हान्सर यांत गोंधळ होतो. एकदा सरळ सांगाल का?

फॅक्टर हे प्रथिन आहे, एन्हान्सर हा डीएनएचा तुकडा आहे. एन्हान्सरमध्ये बहुधा काहीशे बेसजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं, असतात आणि त्यात वेगवेगळ्या फॅक्टरांना बसायच्या छोट्या जागा असतात. कुठले फॅक्टर येऊन बसले यावर जवळचं जनुक त्या पेशीत चालू होणार की बंद राहणार हे ठरतं. एका जनुकाला अनेक एन्हान्सर असू शकतात: एक तोंडाजवळच्या पेशींसाठी, एक पोटाच्या कातडीसाठी, असे.

या पानावर ‘लक्ष्य जनुक’ हा शब्द जिथे येईल तिथे ‘ज्याच्या एन्हान्सरवर तो फॅक्टर बसून खरोखर काही फरक पाडतो ते जनुक’ असा अर्थ घ्या. नुसतं बसणं आणि फरक पाडणं यांत अंतर आहे. त्याबद्दल प्रश्न १२.

३. होक्स जनुकं एकूण किती आणि करतात काय?

फळमाशीत आठ: लेबियल, प्रोबोसिपीडिया, डिफॉर्म्ड, सेक्स कोम्ब्स रिड्यूस्ड, अँटेनापीडिया, अल्ट्राबायथोरॅक्स, अ‍ॅब्डॉमिनल-ए आणि अ‍ॅब्डॉमिनल-बी. आठही तिसऱ्या गुणसूत्रावर, दोन गटांत. गंमत अशी की गुणसूत्रावरचा त्यांचा क्रम आणि शरीरावरचा त्यांच्या कामाचा क्रम जुळतो. लेबियल डोक्याकडे, अ‍ॅब्डॉमिनल-बी शेपटाकडे, बाकीची मध्ये ओळीने.

प्रत्येक जण आपापल्या खंडाची ओळख ठरवतो: इथे जबडा, इथे पाय, इथे पायाविना पोट. आठांतही ६० अमिनो आम्लांचा एक भाग जवळपास सारखा असतो. तो होमिओडोमेन, आणि डीएनएला धरणारा हात तोच. त्याचा डीएनएवरचा १८० बेसजोड्यांचा मजकूर म्हणजे होमिओबॉक्स. तो १९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला आणि अमेरिकेत इंडियानाला स्वतंत्रपणे सापडला.

नावं लांबलचक आहेत, म्हणून पुढे अल्ट्राबायथोरॅक्सला यूबीएक्स आणि सेक्स कोम्ब्स रिड्यूस्डला एससीआर म्हणतो.

४. चार पंखांच्या माशीचा फोटो खरा आहे की जोडलेला?

खरा आहे. माशी द्विपंखी गटातली. दुसऱ्या वक्षखंडावर पंखांची जोडी, आणि तिसऱ्यावर पंखांच्या जागी हॉल्टिअर नावाचे दोन छोटे गोंडे. उडताना तोल सांभाळायला ते लागतात. तिसऱ्या खंडात यूबीएक्स असतं आणि तेच ‘इथे पंख नको’ म्हणतं. बायथोरॅक्स हे पहिलं उत्परिवर्तन कॅल्विन ब्रिजेसना १९१५ मध्ये सापडलं. पुढे कॅलटेकच्या एड लुइस यांनी काही उत्परिवर्तनं एकत्र आणून तिसऱ्या खंडातलं यूबीएक्स इतकं घटवलं, की हॉल्टिअरच्या जागी पूर्ण पंख आले. त्यांचा गाजलेला निबंध १९७८ चा. नोबेल १९९५ मध्ये, क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांच्याबरोबर.

एक दुरुस्ती मात्र नेहमी करावी लागते. ‘यूबीएक्स जनुक काढून टाकलं की चार पंख’ असं लिहिलेलं दिसतं. जनुक पूर्ण काढलं तर माशी मोठी होण्याआधीच मरते. चार पंखांच्या माशीत प्रथिनाचा मजकूर शाबूत आहे. बिघडवलेत ते त्याचे नियंत्रण करणारे डीएनएचे तुकडे.

५. मग अडचण नेमकी कुठे आहे?

आकडेमोड करून बघा. एकट्या होक्स प्रथिनाला डीएनएवर हवी असतात चार अक्षरं, टी-ए-ए-टी. अ‍ॅब्डॉमिनल-बीला टी-टी-ए-टी जरा जास्त आवडतं, पण फरक तेवढाच. चार अक्षरांचा कुठलाही शब्द सरासरी २५६ अक्षरांत एकदा येतो. डीएनएचे दोन्ही धागे वाचता येतात, म्हणून १२८ मध्ये एकदा धरा. फळमाशीच्या जीनोमचा जनुकांनी भरलेला भाग सुमारे १२ कोटी बेसजोड्यांचा आहे. भागाकार केला की नऊ लाखांच्या वर जागा निघतात, आणि जनुकं आहेत १४ हजारांच्या आसपास.

म्हणजे पाकिटावर नुसतं ‘पाटील, कोल्हापूर’ लिहून पत्र टाकल्यासारखं झालं. त्यातही आठही भावंडांच्या हातात तेच पाकीट.

मी पहिल्यांदा जेल शिफ्ट केलं तेव्हा हेच डोळ्यांनी पाहिलं. डीएनएचा तुकडा जेलमधून पळवायचा. प्रथिन चिकटलं असेल तर तो जड होऊन मागे राहतो. चार वेगवेगळी होक्स प्रथिनं चार खाचांत टाकली, आणि चारही खाचांत पट्टा एकाच उंचीवर, एकसारखा जाड. माझंच काही चुकलं असं समजून मी तो प्रयोग तीनदा केला. चूक नव्हती. प्रयोगनळीत ती तशीच वागतात आणि माशीत तशी वागत नाहीत. या पानावरचे बाकीचे प्रश्न या दोन वाक्यांमधल्या फटीतून आले आहेत.

६. सगळ्याच होमिओडोमेन प्रथिनांची ही अडचण आहे का?

नाही, आणि हे समजलं की होक्सची गोम कळते. फळमाशीत होमिओडोमेन असलेली प्रथिनं शंभराच्या आसपास आहेत. त्यातली बरीचशी आपसांत अक्षरांवरूनच वेगळी ओळखू येतात. डीएनएच्या पिळावर एक मोठी आणि एक लहान अशा दोन खाचा असतात. होमिओडोमेनची तिसरी सर्पिल पट्टी मोठ्या खाचेत बसते आणि तिच्यातलं ५० व्या जागेवरचं अमिनो आम्ल टी-ए-ए-टीच्या पुढची अक्षरं वाचतं. बायकॉइड या प्रथिनात तिथे लायसिन आहे, म्हणून त्याला टी-ए-ए-टी-सी-सी लागतं. १९८९ मध्ये पेअर्ड नावाच्या प्रथिनात हे एकच अमिनो आम्ल बदललं आणि ते बायकॉइडच्या जागा ओळखू लागलं. पुस्तकातलं कुलूप-किल्लीचं चित्र इथे तंतोतंत चालतं.

होक्सच्या बाबतीत ते चालत नाही. आठही भावंडांत ५० व्या जागेवर ग्लुटामिनच आहे. किल्लीचे दात तेच असतील तर कुलूप वेगळं कसं उघडणार? शिकवणाऱ्यांना माझी विनंती, होक्सचा धडा आला की कुलूप-किल्ली फळ्यावरून पुसून टाका. पुढचं सगळं समजायला ते चित्र आड येतं.

७. एक्स्ट्राडेंटिकल हे नाव सतत दिसतं. ते कोण?

जोडीदार. एक्स्ट्राडेंटिकल, पुढे एक्सडी, हेही होमिओडोमेन प्रथिनच. पण त्याच्या होमिओडोमेनमध्ये तीन अमिनो आम्लं जादा आहेत, ६० ऐवजी ६३. त्या तीन जादा आम्लांमुळे एक खळगा तयार होतो. होक्स प्रथिनात होमिओडोमेनच्या आधी टायरोसिन-प्रोलिन-ट्रिप्टोफॅन-मिथिओनिन अशी चौकडी असते. तिच्यातलं ट्रिप्टोफॅन त्या खळग्यात नीट जाऊन बसतं. १९९९ मध्ये यूबीएक्स, एक्सडी आणि डीएनए यांच्या स्फटिकाच्या रचनेत हे स्पष्ट दिसलं. दोघं डीएनएच्या समोरासमोरच्या बाजूंनी बसतात आणि यूबीएक्सचा हा चिमटा वळसा घालून एक्सडीला धरतो.

जोडीने बसलं की वाचायचा शब्द लांबतो, चार अक्षरांऐवजी दहा-बारा. प्रश्न ५ मधला हिशेब दहा अक्षरांसाठी केला तर नऊ लाखांच्या सव्वादोनशे जागा होतात. प्रत्यक्षात मधली काही अक्षरं बदललेली चालतात, त्यामुळे त्याहून बऱ्याच जास्त, तरी लाखांतून सुटका झालीच.

एक्सडी स्वतःहून केंद्रकात जात नाही. होमोथोरॅक्स नावाचं तिसरं प्रथिन त्याला आत नेतं आणि पुष्कळदा तेही सोबत डीएनएवर बसतं. ज्या पेशीत होमोथोरॅक्स नाही तिथे एक्सडी पेशीद्रवात पडून राहतं. हे लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये लागेल.

८. पण एक्सडी तर आठांचाही जोडीदार आहे. जोडीदार सामाईक असेल तर फरक कसा पडणार?

आलेल्यांतला सर्वांत चांगला प्रश्न. एका विद्यार्थिनीने विचारला होता, आणि तिच्या शिक्षकांनी ‘हे पुढच्या वर्षी’ म्हणून टाळला होता.

उत्तर अनपेक्षित आहे. एक्सडी नुसता शब्द लांबवत नाही. तो होक्स प्रथिनाचा आतापर्यंत लोंबत असलेला भाग डीएनएवर ताणून धरतो, आणि भावंडांमधला खरा फरक त्या लोंबत्या भागात आहे. एकटं असताना तो फरक दिसत नाही, जोडीदार आला की दिसतो. अभ्यासक याला सुप्त विशिष्टता म्हणतात.

एक उदाहरण जवळून पाहू. अळीच्या लाळग्रंथी जिथे व्हायच्या तिथे एससीआर फोर्कहेड नावाचं जनुक चालू करतं. त्या जनुकाच्या शेजारी ३७ बेसजोड्यांचा एक छोटा तुकडा आहे. हा तुकडा निळा रंग देणाऱ्या जनुकाला जोडून माशीत घातला, तर भ्रूणात बरोबर एससीआरच्या हद्दीत निळा पट्टा उमटतो. तुकड्याच्या गाभ्यात ए-जी-ए-टी-टी-ए-ए-टी-सी-जी अशी दहा अक्षरं आहेत. त्यातली फक्त दोन, सहावं आणि नववं, बदलून ए-जी-ए-टी-टी-टी-ए-टी-जी-जी केलं. १९९९ चा हा प्रयोग. निळा रंग एससीआरच्या खंडातून मागच्या खंडांत पसरला. नव्या तुकड्यावर अँटेनापीडिया आणि यूबीएक्सही एक्सडीसोबत खुशाल बसू लागले होते.

दोन अक्षरांनी असं काय केलं? २००७ मध्ये दोन्ही तुकड्यांवर बसलेल्या एससीआर-एक्सडीच्या रचना बाहेर आल्या. काम न्यूयॉर्कमधलं, कोलंबिया विद्यापीठातले रिचर्ड मान आणि माउंट सायनायचे अनील अग्रवाल यांच्या गटांचं. निबंधाचे पहिले लेखक रोहित जोशी पुढे हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत आले. मोठ्या खाचेत तिसरी सर्पिल पट्टी दोन्हीकडे सारखीच बसलेली होती. फरक होता लहान खाचेत. मूळ तुकड्यात ही खाच मध्ये चिंचोळी होते. खाच अरुंद झाली की दोन्ही काठांचे फॉस्फेट जवळ येतात आणि आतला ऋण विद्युतभार दाट होतो. तिथे एससीआरची दोन धनभारित अमिनो आम्लं शिरतात: होमिओडोमेनच्या तिसऱ्या जागेवरचं आर्जिनिन, आणि होमिओडोमेनच्याही आधीच्या जोडपट्टीतलं एक हिस्टिडिन. बदललेल्या तुकड्यात खाचेचा आकार वेगळा, म्हणून ही दोन्ही आम्लं रचनेत कुठे स्थिर दिसतच नाहीत.

इथे प्रथिन अक्षरं वाचत नाही, अक्षरांमुळे खाचेला आलेला आकार चाचपतं. अंधारात देवघराच्या कोनाड्यात हात घालून काडेपेटी शोधावी तसं. लेबल दिसत नाही, पण बोटांना कळतं.

२०११ मध्ये आठही होक्स प्रथिनांना एक्सडीसोबत लक्षावधी यादृच्छिक तुकड्यांतून निवड करायला लावली, तेव्हा तीन गट पडले: लेबियल व प्रोबोसिपीडिया, डिफॉर्म्ड व एससीआर, आणि उरलेली चार. डोक्याकडच्यांना आणि शेपटाकडच्यांना लहान खाचेचे वेगवेगळे आकार पसंत होते. पुढे २०१५ मध्ये आकार चाचपणारी अमिनो आम्लं एससीआरमधून उचलून अँटेनापीडियात घातली, तर अँटेनापीडियाची निवड एससीआरसारखी झाली.

९. नेमकी जागा म्हणजे घट्ट बसायची जागा, बरोबर ना?

बहुतेक जण असंच धरून चालतात. मीही चालायचो. शेव्हनबेबी या जनुकाने ते मोडलं.

अळी उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पोटावर बारीक काट्यांचे आडवे पट्टे दिसतात. ती सरपटते त्यांच्या आधाराने. कुठल्या पेशीवर काटा येणार हे शेव्हनबेबी ठरवतं, आणि उदरात ते चालू करतात यूबीएक्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए. व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन केंद्राच्या आणि कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी त्याचे एन्हान्सर तपासले. घट्ट जागा सापडेनात. प्रश्न ८ मधल्या निवडीतून निघालेला आवडता शब्द तिथे नव्हताच. होत्या त्या कमकुवत जागा, अनेक, जवळजवळ. एक्सडीसोबतच यूबीएक्स त्यांवर बसत होतं, पण सैल.

मग त्यांनी ‘सुधारणा’ करून पाहिली. अक्षरं बदलून कमकुवत जागा घट्ट केल्या. जनुक जास्त जोरात चालू झालं, पण नको तिथेही. शरीराच्या ज्या भागात यूबीएक्स नाही तिथे दुसरी होक्स प्रथिनं येऊन बसू लागली. म्हणजे घट्ट जागा सगळ्याच भावंडांना आवडते, आणि सैल जागेवर मात्र ज्याचा हात तिथे बरोबर बसतो तोच टिकतो. नेमकेपणा हवा तर ताकद सोडावी लागते.

सोडलेली ताकद संख्येने भरून निघते. सैल जागा एकेक करून मोडल्या तर जनुकाचं काम उतरत गेलं, आणि मोजक्या जागा उरलेला एन्हान्सर तापमान बदललं की डळमळू लागला. एकाच्या जागी अनेक सैल जागा ठेवण्याचं कारण तिथे दिसलं. २०१७ मध्ये त्याच वर्तुळातून आणखी एक निरीक्षण आलं: केंद्रकात यूबीएक्स सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. त्याचे दाट ठिपके असतात आणि चालू असलेलं शेव्हनबेबी अशा दाट वस्तीत सापडतं. सैल जागेला गिऱ्हाईक कमी पडू नये याची ती सोय म्हणायची.

‘मग घट्ट जागा निरुपयोगी का?’ असं लगेच विचारू नका. ज्या लक्ष्यांवर अनेक होक्स प्रथिनांनी तेच काम करायचं आहे, तिथे घट्ट, सामाईक जागा सोयीच्याच.

१०. एक्सडी नसलेल्या पेशीत होक्स काय करतं?

काम करतं, एकटंच. यासाठी हॉल्टिअरकडे परत येऊ. हॉल्टिअरच्या बुडाशी, सांध्याजवळ, होमोथोरॅक्स आहे. म्हणून तिथे एक्सडी केंद्रकात आहे. टोकाच्या गोंड्यात नाही. तरीही गोंड्यात यूबीएक्स पंखाची जनुकं दाबतं. स्पाल्ट हे त्यांतलं एक. त्याच्या एन्हान्सरमध्ये यूबीएक्सला एकट्याने बसायच्या अनेक साध्या जागा आहेत, आणि त्या मोडल्या की हॉल्टिअरमध्येही स्पाल्ट चालू होतं.

नेमकेपणाची चिंता इथे कमी का? एक कारण असं की त्या पेशींत यूबीएक्सला टक्कर देणारं भावंडच फारसं नाही, आणि पंख घडवणारी यंत्रणा आधीपासून हजर आहे. यूबीएक्सला फक्त ती ठिकठिकाणी अडवायची असते.

हॉल्टिअरचं हे काम आपल्याकडेही बरंच झालंय. एल. एस. शशिधर यांच्या गटाने आधी हैदराबादच्या सीसीएमबी आणि मग पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थांत यूबीएक्सची लक्ष्यं शोधली, आणि मधमाशी व रेशीमकिड्याशी त्यांची तुलनाही केली. मधमाशीच्या मागच्या पंखांतही यूबीएक्स असतं, तरी तिथे पंखच येतो. म्हणजे प्रथिन तेच, पण कुठल्या जनुकांवर त्याचा हुकूम चालतो ती यादी वेगळी.

११. एकच प्रथिन एका जनुकाला चालू आणि दुसऱ्याला बंद कसं करतं?

शेजारी कोण बसलंय त्यावर. पोटावर पाय येऊ नयेत म्हणून यूबीएक्स आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए डिस्टललेस हे पाय सुरू करणारं जनुक बंद ठेवतात. त्या एन्हान्सरवर होक्स, एक्सडी आणि होमोथोरॅक्स बसतात. पण एवढ्याने भागत नाही. खंडाच्या मागच्या अर्ध्यात एन्ग्रेल्ड आणि पुढच्या अर्ध्यात स्लॉपी-पेअर्ड या फॅक्टरांना शेजारच्या जागेवर बसावं लागतं, कारण जनुक बंद करणाऱ्या ग्राउचो या प्रथिनाला तेच बोलावून आणतात. २००४ मध्ये हे उलगडलं. त्या जागा मोडल्या की उदरातही पायाची सुरुवात दिसू लागते.

उलट, शेव्हनबेबीवर तीच दोन होक्स प्रथिनं चालू करण्याचं काम करतात. आणि डीपीपी जनुकावर तर दोघांत फाटाफूट आहे. आतड्याच्या स्नायूथरात यूबीएक्स ते चालू करतं, लगेच मागच्या खंडांत अ‍ॅब्डॉमिनल-ए ते बंद करतं.

१२. चिपच्या आकडेवारीत एका होक्स प्रथिनाच्या हजारो जागा दिसतात. सगळी लक्ष्य जनुकंच का?

नाही. चिप म्हणजे प्रथिन डीएनएवर जिथे चिकटलेलं होतं तिथेच गोठवून ते तुकडे मोजणं. डीएनए जिथे उघडा असतो तिथे हे फॅक्टर टेकून जातात. टेकणं म्हणजे हुकूम देणं नव्हे. शिवाय हजारो पेशींची सरासरी निघते, त्यात वेगवेगळ्या ऊतींचं मिसळून जातं.

उलटी चूकही होते. प्रश्न ९ मधल्या सैल जागा संगणकाला ‘आवडता शब्द शोध’ म्हटलं की निसटतात. यादी हाती आली की त्यातले दोन-चार एन्हान्सर तोडून-जोडून माशीत घालून पाहिल्याशिवाय प्रबंधात ‘लक्ष्य’ हा शब्द लिहू नका, असं माझं मत. वेळखाऊ आहे, माहीत आहे.

१३. अँटेनापीडिया डोक्यावर चालू केलं की शृंगिकेच्या जागी पाय येतो. पण दुसरी होक्स प्रथिनं घातली तरी पायच येतो म्हणे. मग विशिष्टता कुठे गेली?

बरोबर ऐकलंय. शृंगिका ज्या भागातून होते तिथे मुळात कुठलंच होक्स काम करत नाही. तिथे होमोथोरॅक्स आणि डिस्टललेस मिळून शृंगिका घडवतात. अँटेनापीडिया तिथे घुसवलं की ते होमोथोरॅक्स दाबतं, आणि शृंगिकेचा आधारच जातो. मग मूळचा आराखडा पायाकडे वळतो. होमोथोरॅक्स दाबायचं काम इतर काही होक्स प्रथिनांनाही जमतं, म्हणून यूबीएक्स घातलं तरी पाय.

तेव्हा ‘अँटेनापीडिया म्हणजे पाय बनवणारं जनुक’ हे वाक्य अर्धवट आहे. भावंडांची काही कामं सामाईक आहेत, आणि प्रत्येक निकालात विशिष्टता शोधायला गेलं की माणूस फसतो.

याचीच उलटी बाजू लाळग्रंथीत. एससीआर सगळ्या शरीरात चालू केलं तरी जादा लाळग्रंथी फक्त डोक्याकडच्या खंडांत येतात. धडात टीशर्ट नावाचा फॅक्टर आणि शेपटाकडे अ‍ॅब्डॉमिनल-बी आडवे येतात. एससीआरला जागा ओळखता आली म्हणून काम होईलच असं नाही.

१४. होक्स एखाद्याला हुसकावून लावूनही जनुक चालू करतं का?

हो, रॉम्बॉइड या जनुकाच्या एका एन्हान्सरवर. तिथे सेन्सलेस हा दाबणारा फॅक्टर आणि अ‍ॅब्डॉमिनल-ए, एक्सडी, होमोथोरॅक्स हे त्रिकूट यांच्या जागा एकमेकींवर चढलेल्या आहेत. दोघं एकाच वेळी बसू शकत नाहीत. वक्षात अ‍ॅब्डॉमिनल-ए नाही, सेन्सलेस बसतं, जनुक बंद. उदरात त्रिकूट जागा अडवतं, सेन्सलेस बाहेर, जनुक चालू. आणि त्यामुळे उदरात ईनोसाइट नावाच्या पेशी तयार होतात. रेल्वेच्या खिडकीतल्या सीटवर रुमाल टाकण्याचा प्रकार.

१५. हे फक्त होक्सपुरतंच आहे का?

नाही. अटोनल आणि स्क्यूट ही दोन प्रथिनं बघा. वेगळ्या कुटुंबातली, पण दुखणं तेच. दोघंही डॉटरलेस या एकाच जोडीदारासोबत सी-ए-एन-एन-टी-जी या साच्याच्या शब्दावर बसतात. तरी स्क्यूटमुळे अंगावरचे संवेदी केस येतात आणि अटोनलमुळे ताण ओळखणारी आतली इंद्रियं. तिथेही मधली आणि आजूबाजूची अक्षरं व शेजारचे फॅक्टर मिळूनच निवाडा करतात.

१६. माणसाशी याचा काय संबंध?

माणसात ३९ होक्स जनुकं आहेत, चार गटांत. एक्सडीची भावंडं पीबीएक्स आणि होमोथोरॅक्सची मीस या नावाने आपल्यातही आहेत. नातं किती जवळचं आहे ते १९९० च्या दशकातल्या एका प्रयोगात दिसलं: उंदराच्या होक्स-बी-१ जनुकाजवळचा २० बेसजोड्यांचा तुकडा माशीत घातला, तर तो लेबियलच्या हद्दीत चालू झाला. १९९७ मध्ये त्याच्या मधली दोन अक्षरं जी-जी ऐवजी टी-ए केली आणि तो डिफॉर्म्डच्या ताब्यात गेला. दोन अक्षरांचा खेळ इथेही, कारण प्रश्न ८ मध्ये.

वैद्यकातलं एकच उदाहरण देतो. होक्स-डी-१३ मध्ये अ‍ॅलनिनची साखळी लांबली की हाता-पायांची बोटं जुळलेली आणि जादा येतात. बाकी ‘होक्स चाचणी करून घ्यावी का’ असं विचारणाऱ्यांनी जनुकीय सल्लागाराला भेटावं. हे पान त्यासाठी नाही.

१७. घरी हॉल्टिअर बघता येतील का?

येतील, आणि जरूर बघा. काचेच्या बरणीत अर्धं काळं पडलेलं केळं ठेवा, तोंडावर कागदाचं नरसाळं लावा. दोन दिवसांत चिलटं आत. बरणी फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवली की ती गारठून निपचित पडतात. पांढऱ्या बशीत ओता आणि दहापट भिंगाने पंखाच्या बुडामागे बघा. फिकट पिवळसर, देठावर बसलेला थेंब दिसेल. दोन-तीन मिनिटांत चिलटं हलू लागतात, तेव्हा झटपट.

भिंग नसेल तर पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर येणारी लांब-लांब पायांची, डासासारखी दिसणारी पण चावत नाही ती माशी शोधा. तिचे हॉल्टिअर नुसत्या डोळ्यांना दिसतात. घरमाशीवर वेळ घालवू नका, तिचे पंखाच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या पापुद्र्याखाली झाकलेले असतात.